गेममध्ये कोळी आला की हात थिजतात: नेमकं काय बिनसतं आणि काय करून पाहायचं

लक्षण असं. रात्रीचे साडेअकरा, घरचे झोपलेले, हेडफोन लावून गेम सुरू. गुहेत शिरलात, भिंतीवर पांढुरकी जळमटं दिसली आणि तिथेच बोटं थांबली. पुढे जायचं आहे हे कळतंय, पण कळ काही दाबली जात नाही. शेवटी धीर करून गेलात, वरून आठ पायांचं काहीतरी टपकलं, तुम्ही खुर्ची मागे ढकलून उभे राहिलात आणि पॉज न करताच हेडफोन काढून गादीवर फेकलात. पात्र मेलं. सेव्ह त्याच गुहेच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही दुसराच गेम लावता आणि महिन्याभरात त्यातही कोळी निघतो.

मी भांडुपला राहतो, डोंगराच्या बाजूला. मागे नॅशनल पार्कचं जंगल, त्यामुळे पावसाळा लागला की बाथरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी ठरलेला. तो जाळं विणत नाही, झुरळं मारून खातो, म्हणजे खरं तर घरकामाला हातभारच लावतो. हे सगळं मला माहीत आहे. तरीही तो भिंतीवर असेल तर मी ऑफिसला अंघोळीविना गेलेलो आहे. तेव्हा पुढचं सगळं अशाच माणसाने लिहिलंय असं समजून वाचा. 'अरे, गेम तर आहे, त्यात काय घाबरायचं' असं म्हणणाऱ्यांसाठी हे नाही.

आधी ही तक्रार परत परत का येते ते बघू, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. कोळी दिसला, आपण गेम बंद केला, छातीतली धडधड थांबली, हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच घात करतं. 'पळालो म्हणून वाचलो' अशी मेंदू नोंद करून ठेवतो. पुढच्या वेळी तो जरा आधीच इशारा देतो. सुरुवातीला मी कोळ्याला घाबरायचो, मग जळमटांना, मग गुहेला. एका गेममध्ये तर गुहेच्या अलीकडच्या गावातून पाय निघेना. गाव छान होतं, पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तीन आठवडे त्या गावात लाकडं तोडत होतो.

म्हणून नुसतं टाळणं हा उपाय नाही. आणि 'मर्दासारखा जा पुढे' हाही नाही, कारण त्यात आपण पुन्हा खुर्चीवरून उडतो आणि नोंद आणखी पक्की होते. मधला रस्ता म्हणजे कोळ्यातलं नेमकं काय आपल्याला नडतं ते शोधायचं आणि तेवढंच काढून टाकायचं. माझ्या धाकट्या बहिणीने हे माझ्या आधी ओळखलं. ती म्हणाली, "दादा, तू चित्रातल्या कोळ्याला घाबरत नाहीस. तो हलला की घाबरतोस. मग हलणं बंद कर ना त्याचं."

तर निदान. ज्या गेममध्ये अडलात त्यातल्या कोळ्याचा व्हिडिओ मोबाईलवर लावा, दिवसाउजेडी, घरात माणसं असताना. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा. मग मोबाईल उलटा ठेवून नुसता आवाज ऐका. मग एका जागी थांबवून स्थिर चित्र बघा. कुठे अंगावर काटा येतो ते लक्षात ठेवा. एवढ्याने चित्र बऱ्यापैकी साफ होतं. काहींना रूप नडतं: केस, डोळे, जबडा. ती भीतीपेक्षा किळस जास्त असते. काहींना चाल नडते, ती अर्ध्या क्षणात थांबणारी आणि अर्ध्या क्षणात सुटणारी. काहींना पायांची ती कुरकुर कानाजवळ आली की सहन होत नाही. आणि काहींना कोळ्याचं फारसं काही नसतंच, अंधारातून अचानक अंगावर येण्याचं असतं. तिथे कोळ्याऐवजी उंदीर असता तरी ते उडालेच असते. माझं निदान निघालं पाय. पाय किती आहेत हा मुद्दा नाही, ते धडापेक्षा उंच उठतात आणि कोपरात मोडल्यासारखे वाकतात ते. हे मला तिसाव्या वर्षी कळलं.

आता उपाय. पहिली जागा म्हणजे ऑप्शन्समधला ॲक्सेसिबिलिटीचा भाग. तिथे 'ॲरॅक्नोफोबिया मोड' (म्हणजे कोळ्यांच्या भीतीसाठीची सोय) नावाचं काही आहे का ते बघा, आणि ते गेम सुरू करायच्या आधी बघा, पहिला कोळी भेटल्यावर नाही. मात्र या एका नावाखाली प्रत्येक कंपनीने वेगळंच काहीतरी करून ठेवलंय, आणि आपलं निदान माहीत नसेल तर चालू करूनही उपयोग होत नाही.

सगळ्यात विचारपूर्वक केलेलं मला 'ग्राउंडेड'मधलं वाटतं. हा गेम 2020 साली अर्धवट अवस्थेत खेळायला खुला झाला आणि 2022 मध्ये पूर्ण झाला. त्यात तुम्ही मुंगीएवढे होऊन घरामागच्या अंगणात अडकता, म्हणजे कोळी तुमच्यापुढे ट्रकएवढा. त्यातून त्याचे विषारी दात नि बाकीचे तुकडे पुढच्या शस्त्रांना लागतात, तेव्हा टाळून टाळणार किती? इथे चालू-बंद असा खटका नाही, सरकपट्टी आहे. ती सरकवत गेलं की आधी कोळ्याचे पाय कमी होतात, मग जातातच, मग बाकीचे बारकावे, आणि शेवटी नुसते तरंगणारे गोळे राहतात. मला दुसऱ्या-तिसऱ्या घरातच निभावलं. ज्याला केस नि डोळे नडतात त्याला शेवटपर्यंत जावं लागेल. एक सावधगिरी: गोळा झाला तरी तो चावतो तितकाच. लांडगा-कोळी रात्री फिरतो, तेव्हा सरकपट्टीच्या भरवशावर रात्री भटकू नका. मी भटकलो. एक लाडूसारखं काहीतरी तरंगत आलं आणि त्याने मला दोन चाव्यांत संपवलं. भीती वाटली नाही, अपमान मात्र झाला.

'सॅटिस्फॅक्टरी'मध्ये कोळ्याच्या जागी मांजराचं सपाट चित्र येतं. ऐकायला गोड आहे. माझ्या बाबतीत मात्र हा उपाय उलटला. पाय गेले हे खरं, पण दुपारच्या उन्हात गवतातून मांजराचा एक फोटो सरळ तोंडावर झेप घेतो तेव्हा आपण नक्की कशाला घाबरायचं तेच कळत नाही. अंगावर येण्याची चाल जशीच्या तशी. ज्यांना रूप नडतं त्यांना हे चालेल. ज्यांना झेप नडते त्यांनी इथे शत्रू आक्रमक होऊ नयेत अशी काही सेटिंग मिळते का ते पाहावं. कारखाना उभारायला कोळी मारलेच पाहिजेत असं काही नाही.

'लीथल कंपनी'चा उपाय सगळ्यात आगाऊ. तिथे कोळ्याऐवजी 'स्पायडर' हा शब्दच मोठ्या अक्षरांत तुमच्याकडे चालत येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना, आणि हसत असतानाच मेलो. पण काम करतं. शब्दाला गुडघे नसतात.

'डीप रॉक गॅलॅक्टिक'मध्ये किड्यांची गमी बेअर होतात, म्हणजे त्या चिकट जेलीच्या अस्वलगोळ्या. आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने 2024 मध्ये कोळ्यांचे खेकडे करण्याची सोय दिली. ही मी मुलुंडच्या एका मित्राच्या घरी पाहिली आणि निदानाचा नवा धडा मिळाला. खेकड्यालाही पाय आहेतच, नांग्या धरून दहा, म्हणजे कोळ्यापेक्षा दोन जास्तच. तरी मला ढिम्म काही वाटलं नाही. कारण खेकडा दिसला की माझ्या डोक्यात बाजाराची पिशवी, आईचं वाटण आणि रविवारचा रस्सा येतो. आमच्याकडे तर खेकडे घ्यायचे ते कोळणीकडूनच. कोळी काढून खेकडा ठेवणाऱ्यांना मराठीतला हा विनोद ठाऊक असण्याची शक्यता नाही, पण मुंबईकराला ती सोय अशी घरची वाटते खरी.

'हॉगवर्ट्स लेगसी'ची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी. गेम आला फेब्रुवारी 2023 मध्ये, आणि कोळ्यांची सोय आली जून 2024 मध्ये, अपडेटमधून. म्हणजे मधलं सव्वा वर्ष माझ्यासारखे लोक त्यातल्या जंगलाच्या कडेकडेने झाडूवरून उडत राहिले. एखादा गेम तुम्ही कोळ्यांपायी सोडला असेल तर तो आज पुन्हा तपासून बघा, मधल्या काळात काही आलेलं असू शकतं. तिथे कोळ्यांचं रूप बदलतं, त्यांचे आवाज कमी होतात आणि जमिनीवरची बारकी पिल्लावळ उगवायची थांबते. पण गेममधल्या माहितीपुस्तकातली चित्रं तशीच राहतात. ही खोट बऱ्याच ठिकाणी असते: चालता कोळी जातो, पण भिंतीवरचं चित्र, अंडी, जाळी, लोडिंगच्या पडद्यावरचा फोटो हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं: ही सेटिंग बहुधा फक्त तुमच्या स्क्रीनपुरती असते. मित्र आपली स्क्रीन शेअर करून 'हे बघ काय सापडलं' म्हणाला, तर त्याच्याकडचा कोळी त्याच्या पूर्ण पायांनिशी तुमच्यासमोर येतो. ग्रुपमध्ये आधी सांगून ठेवा. चिडवतील, चिडवू द्या; पण एकदा स्पष्ट सांगितलं की मुद्दाम दाखवणारा आणि चुकून दाखवणारा यांतला फरक कळतो, आणि मुद्दाम दाखवणाऱ्याबरोबर खेळायचं की नाही हे ठरवता येतं. दुसरं: नवीन कॉम्प्युटर घेतला, गेम पुन्हा टाकला किंवा मोठी अपडेट आली, की सेटिंग शाबूत आहे का ते मेनूत जाऊन बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. चहा सांडला, कीबोर्ड गेला, लॅमिंग्टन रोडची फेरी पडली.

जिथे अशी सोयच नाही तिथे आजूबाजूच्या सेटिंग्जनी बराच फरक पडतो, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. कंट्रोलरचं थरथरणं आधी बंद करा. कोळ्याने झडप घातली की हातातलं यंत्र थरथरतं, म्हणजे जे नुसतं दिसत होतं ते आता अंगाला लागलं. मग हेडफोन काढून साध्या स्पीकरवर खेळा. हेडफोनमध्ये आवाज डाव्या कानामागून येतो, स्पीकरवर तो टेबलावरून येतो. एवढ्यानेही आवाज नडणाऱ्यांचं अर्धं दुखणं जातं. इफेक्ट्सचा आवाज वेगळा कमी करता येत असेल तर करा, संगीत राहू द्या. ब्राइटनेस वाढवा. गेम करणाऱ्याने अंधार कष्टाने रंगवलेला असतो, त्याची माफी मागून उजेड करा. कॅमेरा पात्राच्या मागे नेता येत असेल तर न्या, कारण मग कोळी 'माझ्या' तोंडावर येत नाही, त्या बापड्या पात्राच्या येतो. आणि गेम पूर्ण स्क्रीनवर न ठेवता छोट्या खिडकीत चालवा, बाजूला क्रिकेटचा स्कोअर उघडा ठेवा. दिसायला हास्यास्पद, पण डोळ्याला सारखी आठवण राहते की ही खिडकी आहे आणि तिच्याबाहेर भांडुप आहे.

'माइनक्राफ्ट'वाल्यांना वेगळं सांगतो, कारण घरात लहान मुलं असतील तर प्रश्न बहुधा इथेच येतो. अडचणीची 'पीसफुल' ही पातळी निवडली की कोळी उगवतच नाहीत. तेवढं सपक नको असेल तर उजेड हे हत्यार. कोळी भरपूर उजेडात आपणहून हल्ला करत नाही, डिवचला तरच करतो. मशाली लावत चला. भिंत चढून येतो, म्हणून घराच्या कुंपणाला वरून बाहेरच्या बाजूला एक ठोकळा पुढे काढा. पडक्या खाणींत मात्र जाऊ नका, तिथे छोटे निळसर विषारी कोळी असतात. धनुष्यासाठी तीन दोरे लागतात, ते कोळ्याकडूनच मिळवले पाहिजेत असं नाही: मासेमारीत अधूनमधून मिळतात, आणि पाळलेलं मांजर कधी कधी सकाळी आणून देतं. माझ्या भाच्याचं सगळं शस्त्रागार मांजराच्या कृपेवर उभं आहे.

मॉड्सबद्दल, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनीच बनवलेल्या जोडण्यांबद्दल थोडक्यात. 'स्कायरिम' 2011 चा, त्यात अशी सोय नाही आणि पहिल्याच तासात 'फ्रॉस्टबाइट' नावाचा कोळी समोर येतो. पण कोळ्यांची अस्वलं करणारे मॉड लोकांनी कधीच बनवून ठेवलेत. कॉम्प्युटरवर हे सोपं आहे. टाकण्याआधी सेव्हची एक प्रत बाजूला ठेवा. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये मॉड टाकू नका, खातं बंद होऊ शकतं. कोळ्यापायी खातं घालवण्यात अर्थ नाही.

विकत घेण्याआधीची तपासणी: 'डझ द डॉग डाय' या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकून त्यात कोळी आहेत का ते बघता येतं. आणि स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतला असेल तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून मी नवीन गेमचे पहिले दोन तास रविवारी सकाळी खेळतो, बहीण शेजारी बसून कांदेपोहे खात असताना. पात्र सजवण्यात त्यातले पन्नास मिनिटं घालवू नका.

आता थोडं अवघड. सरकपट्टी एका जागी कायमची ठेवायची, की हळूहळू मागे आणायची? मला वाटतं हे ज्याचं त्याने ठरवावं. गेम मजेसाठी आहे, औषधाचा डोस नाही. शेवटच्या घरावर ठेवून वर्षानुवर्षं खेळलात तरी कुणाचं काही जात नाही. पण भीती कमी करण्याची जी पद्धत मानसोपचारात चांगली रुजलेली आहे, ती याच्याच अंगाने जाते: थोडं समोर जायचं, पळून न जाता धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, मग आणखी थोडं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये अशा भीतींसाठी जास्तीत जास्त तीन तासांची एकच बैठक मांडली. 1997 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका रुग्णाची हकिकत छापली: आभासी कोळी डोळ्यांसमोर, आणि हाताला लागायला खेळण्यातला केसाळ कोळी. पण तिथे सोबत जाणकार माणूस होता आणि वेग त्या रुग्णाच्या कलाने होता. मित्राने हेडसेट डोक्यावर चढवून कोळी सोडणं म्हणजे उपचार नव्हे, टवाळी आहे.

मी सरकपट्टी महिन्याला एक घर मागे आणली. नियम एकच: धडधड चालू असताना गेम बंद करायचा नाही. पॉज चालेल, पाणी प्यायला उठणं चालेल, पण बंद करायचं ते शांत झाल्यावर. दोन घरं मागे आलोय, तिसऱ्याला अडलो. भीती गेमबाहेरही तुमचा दिवस खात असेल, घरात शिरायला भीती वाटत असेल, झोप उडत असेल, तर सेटिंग्ज पुऱ्या पडणार नाहीत. मुंबईत केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे.

मध्यंतरी एक गंमत झाली. जुलैमधली दुपार, घरून काम चालू, आणि मॉनिटरच्या कडेवरून एक अगदी बारका, तांदळाच्या दाण्याएवढा कोळी स्क्रीनवर उतरला. उड्या मारणारा. मी खुर्ची मागे घेतली, पण हात माऊसवरच राहिला आणि बाण जरासा हलला. तो गर्रकन बाणाकडे वळला. मी बाण डावीकडे नेला, तो डावीकडे. वर नेला, वर. या जातीच्या कोळ्यांची नजर तीक्ष्ण असते, हलणारं दिसलं की शिकार समजून मागे लागतात. ठाणे-कल्याणकडे सापडलेल्या अशाच एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलंय, 'आयसियस तुकारामी'. माझ्या स्क्रीनवरचा कोण होता देव जाणे. पण पाच मिनिटं आम्ही दोघं खेळत होतो आणि कंट्रोल माझ्याकडे होता. बहिणीने फोटो काढला. तिच्या मते माझा चेहरा कोळ्यापेक्षा बघण्यासारखा होता.

न सुटलेली एक तक्रार राहिली आहे. 'लिंबो', 2010 चा. सगळं काळं-करडं, कोळ्याला ना केस ना डोळ्यांचा तपशील. नुसती काळी आकृती आणि ते पाय, झाडामागून एकेक करून पुढे येणारे. कुठलीही सोय नाही, उजेड वाढवून फरक नाही. नेमकं माझ्या निदानावर बोट ठेवल्यासारखा गेम. मी तो तीनदा सोडला. चौथ्या वेळी बहीण म्हणाली, "पुढे काय होतं माहितीये का? तूच त्याचे पाय तोडतोस. सापळ्यात अडकवून." सरकपट्टीचं काम हाताने करायचं, एवढंच. सापळे ओढून लावले. एकेक पाय गेला. शेवटचा उरला तो त्या मुलाने हाताने उपटून काढला, आणि मागे राहिला एक काळा गोळा, जो ढकलत नेऊन खिळ्यांच्या खड्ड्यात टाकायचा आणि त्यावरून पलीकडे उडी मारायची. ढकलायचं काम मी केलं. त्याआधीचे सापळे मात्र अजून बहिणीच्याच हातून लागतात, कुणाला मी लावलेले हवे असतील तर सहा महिन्यांनी विचारा.